खनिज दाबलं तर किती दबतं? उच्च दाबाखालच्या लवचिकतेबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे प्रश्न भूशास्त्र आणि भौतिकशास्त्राच्या विद्यार्थ्यांकडून, काही शिक्षकांकडून आणि दोन-तीन चिकाटीच्या खनिजसंग्राहकांकडून पुन्हा पुन्हा येतात. उत्तरांत एकमेकांकडे बोट दाखवलंय म्हणून क्रमांक दिलेत. पाठ्यपुस्तकात 'स्थितिस्थापकता' हा शब्द असतो. बोलताना आम्ही लवचिकता म्हणतो, आणि मॉड्युलसला सरळ मॉड्युलसच.

१. दगड लवचिक कसा असेल? तो तर फुटतो.

फुटायच्या आधी तो दबतो, आणि दाब काढला की पुन्हा मूळ मापावर येतो. हे परत येणं म्हणजेच लवचिकता. किती दाबाला किती दबतो, हे सांगणारा आकडा म्हणजे बल्क मॉड्युलस. आकडा जितका मोठा, तितका पदार्थ दबायला चिवट. पाण्याचा साधारण २.२ गिगापास्कल, क्वार्ट्झचा ३७, ऑलिव्हिनचा १२९, पेरिक्लेजचा (म्हणजे मॅग्नेशियम ऑक्साइडचा) १६०, आणि हिऱ्याचा ४४० च्या आसपास.

एक गिगापास्कल म्हणजे करंगळीच्या नखाएवढ्या, एक चौरस सेंटिमीटर जागेवर दहा टनांचा भरलेला ट्रक. एवढा दाब चहूबाजूंनी दिला तर पेरिक्लेजचं आकारमान ०.६ टक्के घटतं. सेंटिमीटरभर घनाची प्रत्येक बाजू फक्त २० मायक्रॉन आखडते, केसाच्या जाडीच्या तिसऱ्या हिश्श्याहूनही कमी. आमचं सगळं काम या २० मायक्रॉनांत चालतं.

२. बल्क मॉड्युलस आणि शिअर मॉड्युलस, असे दोन आकडे कशाला?

कारण पदार्थ दोन तऱ्हांनी विरोध करतो. मुठीत सगळीकडून आवळला तर आकारमान घटायला विरोध, तो बल्क. पत्त्यांचा कॅट वरून सरकवावा तसा सरकवला तर आकार बिघडायला विरोध, तो शिअर. द्रवाला दुसरा विरोध जमत नाही. त्याचा शिअर मॉड्युलस शून्य, म्हणून भूकंपाच्या एस-लहरी (पदार्थ आडवा सरकवत जाणाऱ्या) पृथ्वीच्या बाह्य गाभ्यातून जात नाहीत.

लहरींच्या वेगाशी नातं असं: एस-लहरीच्या वेगाचा वर्ग म्हणजे शिअर भागिले घनता. पी-लहरीच्या (दाबत-सोडत जाणाऱ्या) वेगाचा वर्ग म्हणजे बल्क अधिक शिअरचे चार-तृतीयांश, भागिले घनता. मॉड्युलस गिगापास्कलमध्ये आणि घनता ग्रॅम प्रति घन सेंटिमीटरमध्ये घेतली तर उत्तर थेट किलोमीटर प्रति सेकंदात येतं. फॉर्स्टेराइट, म्हणजे लोह नसलेलं ऑलिव्हिन, घ्या. बल्क १२९, शिअर ८१, घनता ३.२२. शिअरचे चार-तृतीयांश १०८. बेरीज २३७, भागाकार ७३.६, वर्गमूळ ८.६. तसंच एस-लहरीचा वेग ५.० येतो. हे गणित एकदा हाताने करून पाहा. पुढची बहुतेक उत्तरं यातूनच निघतात.

३. पण हे मोजून करायचं काय? पृथ्वीच्या पोटात कोण जाणार आहे?

कोणी जाणार नाही, म्हणूनच मोजायचं. पृथ्वीच्या आतलं आपल्याला मुख्यतः दोनच गोष्टींतून कळतं: कुठल्या खोलीवर लहरी किती वेगाने जातात, आणि तिथली घनता किती. १९८१ मध्ये झिएवोन्स्की आणि अँडरसन यांनी या दोन्हींचा खोलीनुसार तक्ता दिला. तो आजही सगळ्यांच्या टेबलावर असतो. पण 'या खोलीवर इतका वेग' म्हणजे नेमका कोणता पदार्थ, हे तक्ता सांगत नाही. त्यासाठी ते खनिज तेवढ्याच दाबाखाली ठेवून त्याचा वेग मोजावा लागतो आणि मग दोन्ही आकडे शेजारी ठेवायचे.

४१० किलोमीटर खोलीवर, सुमारे १४ गिगापास्कलला, ऑलिव्हिनची घडण बदलून वॉड्स्लेआइट होतं आणि लहरींचा वेग एकदम उडी घेतो. शुद्ध ऑलिव्हिनवर मोजलेली उडी भूकंपलहरींत दिसणाऱ्या उडीपेक्षा मोठी निघते. अर्थ सरळ आहे, तिथे सगळंच ऑलिव्हिन नाही. ६६० किलोमीटरवर, २३-२४ गिगापास्कलला, पुढचं रूप मोडून ब्रिजमनाइट तयार होतं. पृथ्वीवर सर्वांत जास्त असलेलं हे खनिज. उच्च दाबाच्या कामासाठी १९४६ चं नोबेल मिळालेल्या पर्सी ब्रिजमन यांचं नाव त्याला २०१४ मध्ये मिळालं, कारण नियमाने नैसर्गिक नमुना सापडल्याशिवाय नाव देता येत नाही. तो सापडला ऑस्ट्रेलियात १८७९ साली पडलेल्या टेनहॅम उल्केत.

४. एवढा दाब प्रयोगशाळेत आणता कसा? इमारतीएवढं यंत्र लागत असेल.

मुठीत मावतं. दाब म्हणजे बल भागिले क्षेत्रफळ. बल वाढवण्यापेक्षा क्षेत्रफळ कमी करणं स्वस्त पडतं. दोन हिरे टोकाला टोक लावून समोरासमोर बसवायचे, मध्ये नमुना. याला आम्ही सेल म्हणतो. हिऱ्याचं टोक घासून ३०० मायक्रॉन व्यासाचं सपाट केलेलं असतं. त्यावर १० गिगापास्कल हवा असेल तर बल लागतं सुमारे ७०० न्यूटन, एका माणसाच्या वजनाएवढं. स्क्रू हातानेच फिरवायचे. ही युक्ती १९५८-५९ च्या सुमारास अमेरिकेच्या नॅशनल ब्युरो ऑफ स्टँडर्ड्समध्ये निघाली. हिरा पारदर्शक असल्यामुळे प्रकाश, क्ष-किरण, लेसर सगळं आत-बाहेर जातं, ही खरी मेख.

हिऱ्यांच्या मध्ये धातूची पातळ पट्टी असते, ती गॅस्केट. स्टीलची किंवा ऱ्हेनियमची. ती आधी हिऱ्यांतच दाबून ४०-५० मायक्रॉन जाडीची करायची, मध्ये १०० ते १५० मायक्रॉनचं भोक पाडायचं, आणि त्या भोकात सूक्ष्मदर्शकाखाली सुईच्या टोकाने नमुना ठेवायचा. श्वास रोखून. पंखा बंद करून. नमुना उडाला तर शोधण्यात दुपार जाते.

दुसरी वाट म्हणजे मोठा हायड्रॉलिक प्रेस. १९७० च्या सुमारास ओसाकाच्या नाओतो कवाई यांनी आणलेल्या रचनेत टंगस्टन कार्बाइडचे आठ घन असतात. त्यांचे कोपरे कापून मध्ये अष्टफलकी पोकळी होते. साधारण २५ गिगापास्कलपर्यंत जाता येतं, पण नमुना मिलिमीटरभर ठेवता येतो आणि भट्टीही आत बसते. हे यंत्र मात्र खोलीभर असतं.

५. हिरे फुटतात का?

फुटतात. मी पहिल्याच वर्षी एक फोडला. समोरासमोरचे स्क्रू सारखे फिरवायचे असतात. मी एका बाजूला पाव आटा जास्त दिला, गॅस्केटचं भोक कडेला सरकलं आणि अगदी बारीक 'टिक्' ऐकू आलं. आमचे गाईड काहीच बोलले नाहीत, चहा मागवला. तेव्हापासून दर पावलाला भोकाचा फोटो काढतो. भोक गोल आणि मध्यावर असेल तरच पुढे जायचं.

६. आत किती दाब झाला हे कळतं कसं?

नमुन्याशेजारी माणकाचा कण ठेवतात, पाच-दहा मायक्रॉनचा. त्यावर लेसर टाकला की माणिक लाल चमकतं. साध्या दाबाला त्याची मुख्य रेषा ६९४.२ नॅनोमीटरवर असते. दाब वाढेल तशी ती तांबड्याच्या बाजूला सरकते, दर गिगापास्कलला सुमारे ०.३६५ नॅनोमीटर. ही पद्धत १९७२ मध्ये आली आणि तिने या क्षेत्राचा चेहरा बदलला. त्याआधी दाब ठरवायला दिवस जायचा, आता मिनिट लागतं.

दोन खबरदाऱ्या. माणकाची रेषा तापमानानेही सरकते: ५०-५५ अंश तापमान वाढलं तर एक गिगापास्कल दाब वाढल्यासारखं दिसतं. आणि माणकाला शेजारीशेजारी दोन रेषा असतात. त्या पसरून एकमेकींत मिसळायला लागल्या तर दाब सगळीकडून सारखा राहिलेला नाही (पाहा प्रश्न १३). माणकाची पट्टी मुळात बरोबर आहे का, हा वेगळा आणि अवघड प्रश्न आहे, तो शेवटी घेतलाय (प्रश्न १९).

७. पद्धती इतक्या आहेत. मी कोणती निवडू?

नमुना काय आहे आणि कुठला आकडा हवा यावर ठरवा. पारदर्शक एकस्फटिक असेल तर ब्रिलुआँ (प्रश्न ८). मिलिमीटरभर घट्ट, भेग नसलेला नमुना असेल आणि तापमानही चढवायचं असेल तर अल्ट्रासाउंड (प्रश्न ९). नुसती भुकटी असेल तर क्ष-किरण विवर्तन (अणूंच्या थरांवरून किरण कसे वळतात त्यावरून आकारमान काढणं), पण त्यातून शिअर मॉड्युलस मिळत नाही (प्रश्न १०). लोखंडासारखा अपारदर्शक धातू असेल तर सिंक्रोट्रॉनच्या, म्हणजे क्ष-किरणांचा अतिप्रखर झोत देणाऱ्या अवाढव्य यंत्राच्या, दारात उभं राहावं लागतं: क्ष-किरणांच्या अप्रत्यास्थ विकिरणातून पी-वेग निघतो. ग्रनोब्लच्या सिंक्रोट्रॉनवर २००१ मध्ये लोखंडाचा वेग ११० गिगापास्कलपर्यंत असाच मोजला गेला. लोखंडाचं ५७ वस्तुमानाचं समस्थानिक वापरून अणुकेंद्राच्या अनुनादाचीही एक पद्धत आहे. नैसर्गिक लोखंडात ते समस्थानिक जेमतेम २ टक्के असल्याने नमुना मुद्दाम बनवून घ्यावा लागतो, आणि तो महाग पडतो.

८. ब्रिलुआँ पद्धतीत नेमकं काय मोजतात?

स्फटिकातले अणू उष्णतेमुळे सतत थरथरत असतात, म्हणजे आत बारीक ध्वनिलहरी आपोआप धावत असतात. आपण काहीच वाजवायचं नाही. लेसर टाकायचा, आणि त्या धावत्या लहरींवरून परावर्तित झालेल्या प्रकाशाची वारंवारता किती बदलली ते पाहायचं. जवळ येणाऱ्या आगगाडीची शिट्टी चढते आणि लांब जाणारीची उतरते, तसंच. लेआँ ब्रिलुआँ यांनी हे १९२२ मध्ये गणिताने सांगितलं होतं. हिऱ्याच्या स्फटिकात ते पाहून १९४७ मध्ये नोंदवलं बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या आर. एस. कृष्णन यांनी. हिऱ्याच्या सेलमध्ये हा प्रयोग व्हायला १९७० चं दशक उजाडलं.

बदल किती? ५३२ नॅनोमीटरचा हिरवा लेसर आणि ९० अंशांचा कोन घ्या. प्रश्न २ मधल्या फॉर्स्टेराइटची पी-लहर सुमारे २३ गिगाहर्ट्झ सरकवते, एस-लहर १३. प्रकाशाची स्वतःची वारंवारता ५ लाख ६३ हजार गिगाहर्ट्झ. म्हणजे पाच लाखांत तेवीस शोधायचे. त्यासाठी फॅब्री-पेरो आरशांच्या जोड्यांतून प्रकाश अनेकदा फिरवतात. पडद्यावर मधोमध न बदललेल्या प्रकाशाचं उंच शिखर आणि दोन्ही बाजूंना आरशातल्यासारखी सारखी बुटकी शिखरं. मग सेल १०-१५ अंश फिरवा, पुन्हा मोजा. असं अर्ध्या वर्तुळभर. दाब चढला की नमुना पातळ होतो आणि एकेका शिखरासाठी तासन् तास बसावं लागतं.

नमुन्याच्या दोन्ही बाजू समांतर घासल्या आणि प्रकाश दोन्हीकडे सारख्या कोनात ठेवला, तर गणितातून अपवर्तनांक गळून जातो. ही या पद्धतीची सगळ्यात गोड बाजू, कारण दाबाखालचा अपवर्तनांक सहसा कुणालाच माहीत नसतो. कडू बाजू अशी की हिराही चमकतो. त्याची एस-लहर सेकंदाला १२ किलोमीटरच्या आसपास जाते. दाबाने नमुन्याची पी-लहर त्या वेगाला पोचली की तिचं शिखर हिऱ्याच्या शिखराखाली लपतं. पी-वेग दिसेनासा झाला अशी तक्रार येते, तेव्हा दहात नऊ वेळा कारण हेच असतं.

९. अल्ट्रासाउंड म्हणजे सोनोग्राफीच ना?

तत्त्व तेच: लहर पाठवा, प्रतिध्वनी कधी आला ते मोजा. लिथियम नायोबेटची चकती लहर तयार करते, ती ऐरणीतून (प्रेसमधल्या कार्बाइडच्या घनातून) आणि मधल्या ॲल्युमिनाच्या दांडीतून नमुन्यात शिरते. एक प्रतिध्वनी नमुन्याच्या अलीकडच्या टोकावरून येतो, दुसरा पलीकडच्या. मिलिमीटरभर नमुना आणि सेकंदाला १० किलोमीटर वेग धरला तर दोन प्रतिध्वनींमध्ये २०० नॅनोसेकंदांचं अंतर पडतं. ते सहज मोजता येतं.

वेळेची चिंता नको, लांबीची करा. नमुना दाबाखाली आखूड होतो आणि प्रेसच्या पोटात पट्टी लावता येत नाही. म्हणून सिंक्रोट्रॉनवर हा प्रयोग करताना नमुन्याच्या दोन्ही टोकांना सोन्याचा वर्ख लावतात. क्ष-किरणांच्या चित्रात तो काळ्या रेघेसारखा दिसतो आणि दोन रेघांमधलं अंतर मोजतात. लांबीत १ टक्का चुकलात तर वेगात १ टक्का चूक, आणि मॉड्युलस वेगाच्या वर्गावर असल्यामुळे तिथे २ टक्के.

१०. क्ष-किरण विवर्तनातून आकारमान मिळतं. मग बल्क मॉड्युलस मिळालाच की. वेग कशाला मोजायचा?

मिळतो, पण तीन अटींसह. पहिली: शिअर मॉड्युलस मिळत नाही, आणि पृथ्वीशी तुलना करायला तो हवाच. दुसरी: आकारमान-दाबाच्या वक्राला समीकरण बसवताना (बहुधा बर्च-मर्नाहन यांचं) दोन आकडे एकत्र निघतात: सुरुवातीचा मॉड्युलस आणि तो दाबासोबत किती वेगाने वाढतो ते. दुसरा आकडा बऱ्याच खनिजांसाठी ४ च्या जवळ असतो. एक आकडा थोडा वर गेला तर दुसरा खाली येऊन वक्र तितकाच छान बसतो. एकाच खनिजासाठी एका पेपरात १५५ आणि दुसऱ्यात १६४ दिसलं, तर आधी हा दुसरा आकडा काय धरलाय ते बघा. भांडण बहुतेक वेळा तिथेच मिटतं.

तिसरी अट तापमानाची. सेलमध्ये दाब सावकाश वाढतो, उष्णता निघून जायला वेळ मिळतो. लहरीत मात्र दबणं-सुटणं इतकं झटपट होतं की उष्णता कुठे जात नाही. त्यामुळे लहरीतून येणारा बल्क मॉड्युलस थोडा मोठा असतो: खोलीच्या तापमानाला एक-दीड टक्का, प्रावरणाच्या तापमानाला त्याच्या कितीतरी पट. दोन्ही आकडे एकाच रकान्यात लिहू नका.

११. हे भारतात कुठे करता येतं?

मुंबईत तुर्भ्याच्या भाभा अणुसंशोधन केंद्रात उच्च दाबाचं काम कित्येक दशकं चालू आहे. इंदूरच्या इंडस-२ सिंक्रोट्रॉनवर हिऱ्याच्या सेलसह विवर्तन करता येतं, वेळेसाठी प्रस्ताव द्यावा लागतो. लवचिकतेच्या मोजमापाची परंपरा तर आपल्याकडे जुनी. १९४० च्या दशकात वाल्टेअरला आंध्र विद्यापीठात एस. भगवंतम आणि त्यांचे सहकारी अल्ट्रासाउंडने हिऱ्याचे आणि इतर स्फटिकांचे स्थिरांक मोजत होते, अर्थात साध्या दाबाला.

१२. स्फटिकात दिशेनुसार वेग बदलतो म्हणता. मग एकच आकडा कसा देता?

बदलतो, आणि चांगलाच. ॲरिझोनातल्या सान कार्लोसच्या ऑलिव्हिनमध्ये एका अक्षाच्या दिशेने पी-लहर सेकंदाला जवळपास ९.८ किलोमीटर जाते, दुसऱ्या अक्षाच्या दिशेने ७.७. घनाकृती स्फटिकाला लवचिकतेचे ३ स्वतंत्र स्थिरांक असतात, ऑलिव्हिनसारख्याला ९, आणि अजिबात सममिती नसलेल्याला २१.

खडकात असे असंख्य कण वाटेल तसे वळून बसलेले असतात. सगळ्यांवर ताण सारखा आहे असं मानलं तर रॉइसची सरासरी येते, ती खालची मर्यादा. सगळे सारखेच विकृत होतात असं मानलं तर फोख्टची, ती वरची. खरं उत्तर मध्ये कुठेतरी. १९५२ मध्ये हिल यांनी दोघांची सरासरी घ्या असं सुचवलं आणि सगळ्यांनी ते मान्य केलं. त्यामागे खोल सिद्धांत वगैरे नाही, सोय आहे. वरची-खालची मर्यादा फार लांब असतील तर नुसता मधला आकडा छापू नये, दोन्ही द्याव्यात.

१३. नमुन्याभोवती काय भरायचं? तेल चालतं का?

दोन हिऱ्यांमध्ये थेट चिरडला तर दाब एकाच दिशेने बसतो आणि आकडे बिघडतात. दाब चहूबाजूंनी सारखा पोचवणारं माध्यम हवं. मिथेनॉल-इथेनॉलचं ४:१ मिश्रण १० गिगापास्कलपर्यंत चांगलं, त्यापुढे ते काचेसारखं गोठतं. त्याहून वर जायचं तर निऑन किंवा हेलियम. हेलियमही १२ गिगापास्कलच्या आसपास गोठतो, पण गोठल्यावरही इतका मऊ राहतो की काम निभतं. सिलिकॉन तेल सोपं आणि स्वस्त, पण काही गिगापास्कलपुढे भरवशाचं नाही. माध्यम नमुन्यातच शिरत असेल तर प्रश्न १४.

१४. नाशिकच्या बाजूचं स्कोलेसाइट माझ्या संग्रहात आहे. वाचलं की झिओलाइट दाबल्यावर फुगतात. हे खरं आहे का?

दख्खनच्या बेसॉल्टमधल्या पोकळ्यांत मिळणारे झिओलाइट (स्फटिकातच बारीक नळ्या असलेली खनिजं) जगभरच्या संग्रहालयांत गेलेत, त्यामुळे हा प्रश्न येतोच. स्कोलेसाइट ज्या कुळातलं, त्या कुळाचा म्होरक्या नॅट्रोलाइट. त्यावर हे स्पष्ट दाखवलं गेलंय. माध्यमात पाणी असेल तर १ गिगापास्कलच्या आसपास पाण्याचे जादा रेणू स्फटिकाच्या नळ्यांत ढकलले जातात आणि दाब वाढत असताना आकारमान वाढतं. भौतिकशास्त्राचा नियम मोडत नाही. नमुना आणि आत शिरलेलं पाणी मिळून बघितलं तर एकूण आकारमान घटलेलंच असतं. पण तुम्ही मोजलेला 'बल्क मॉड्युलस' मग त्या खनिजाचा राहत नाही.

झिओलाइटसाठी रेणूने मोठं, आत न मावणारं माध्यम घ्या. आणि पाणी नाही म्हणून निर्धास्त होऊ नका: हेलियम सिलिकाच्या काचेत शिरतो आणि काच आहे त्यापेक्षा चिवट भासते.

१५. दाब वाढवला तरी वेग कमी झाला. माझं काय चुकलं?

कदाचित काहीच नाही. आधी प्रश्न ६ आणि १३ मधल्या खबरदाऱ्या तपासा. त्या नीट असतील तर खनिजच बदलायच्या बेतात असू शकतं. सिलिकाच्या काचेचा वेग पहिल्या दोन-अडीच गिगापास्कलपर्यंत कमीच होतो, मग वाढतो. स्टिशोव्हाइट (सिलिकाचं उच्च दाबाचं रूप) ५० गिगापास्कलच्या सुमारास चौरस तळाच्या घडणीतून किंचित आयताकृती तळाच्या घडणीत जातं. तो टप्पा जवळ आला की एका विशिष्ट दिशेने सरकवायला विरोध उरत नाही आणि शिअर मॉड्युलस घसरतो. लोहयुक्त पेरिक्लेजमध्ये ४० ते ६० गिगापास्कलच्या पट्ट्यात लोहाच्या इलेक्ट्रॉनांची मांडणी बदलते, अणू आखडतात, आणि तेवढ्या पट्ट्यात बल्क मॉड्युलस खाली येऊन पुन्हा वर जातो. असं काही दिसलं तर बिंदू गाळून टाकू नका. दाबाची पावलं बारीक करून पुन्हा मोजा, चढताना आणि उतरताना दोन्ही.

१६. कोयनेच्या खडकाचे आकडे आणि पुस्तकातल्या खनिजांचे आकडे जुळत नाहीत. कोण खोटं?

कोणीच नाही. खडकात भेगा असतात, स्फटिकात नसतात. ११ डिसेंबर १९६७ च्या भूकंपानंतर कोयना भागाचा खूप अभ्यास झाला. तिथे ३ किलोमीटर खोल विंधनविवरही घेतलंय, बेसॉल्टखाली ग्रॅनाइट लागला. पण ३ किलोमीटरवर वरच्या खडकाचा दाब किती? घनता २.७ धरली तर जेमतेम ८० मेगापास्कल, म्हणजे ०.०८ गिगापास्कल. एवढ्या दाबाला खनिजं हलत नाहीत, पण भेगा मिटायला लागतात. म्हणून खडकाचा वेग पहिल्या १००-२०० मेगापास्कलमध्ये झपाट्याने वाढतो आणि मग सपाट होतो. सपाट झाल्यावरचा वेग खनिजांचा, त्याआधीचा बराचसा भेगांचा. कोरडा की पाण्याने भरलेला यानेही फरक पडतो, कारण भेगेतलं पाणी बल्कला आधार देतं, शिअरला नाही.

१७. भूकंपाची लहर एक हर्ट्झची, तुमची गिगाहर्ट्झची. तुलना कशी चालते?

थंड स्फटिकात चालते, वारंवारतेचा फारसा फरक पडत नाही. तापलेल्या खडकात नाही चालत. दाण्यादाण्यांमधल्या सीमांवर आणि स्फटिकातल्या दोषांवर हळू हालचाली होतात. सावकाश लहरीला त्या गाठतात, वेगवान लहरीला गाठू शकत नाहीत. म्हणून तापलेल्या प्रावरणात भूकंपलहर प्रयोगशाळेतल्या आकड्यापेक्षा मंद असते, आणि तुलनेआधी दुरुस्ती करावी लागते. कॅनबेरात इयन जॅक्सन यांच्या गटाने नमुना भट्टीत ठेवून भूकंपाच्याच मंद गतीने पिळून मोजमापं केली, ती या दुरुस्तीचा आधार आहेत.

१८. लोणारला तर क्षणात दाब आला. तसं करून मोजत नाहीत का?

मोजतात. लोणारच्या बेसॉल्टमधल्या फेल्डस्पारची धक्क्याने वितळल्याशिवाय काच झाली, तिला मॅस्केलिनाइट म्हणतात. ती बनायला दहाच्या काही पटींत गिगापास्कल लागतात. प्रयोगशाळेत वायुतोफेने चकती डागून तसाच धक्का देतात. दोन वेग मोजले, धक्क्याचा आणि मागच्या पदार्थाचा, की वस्तुमान आणि संवेग यांच्या हिशोबातून दाब आणि घनता थेट मिळतात. माणिक लागत नाही. तोटा असा की धक्क्याने नमुना तापतो, आणि सगळं मायक्रोसेकंदात आटोपतं.

१९. माणकाची पट्टीच चुकीची असेल तर?

मला विचाराल तर या विषयातला खरा प्रश्न हाच. लवचिकता मोजणं आता जमतं, ती कुठल्या दाबाला मोजली हे सांगणं अवघड. माणकाची पट्टी मुळात बेतली गेली धातूंच्या धक्क्याच्या आकड्यांवर (प्रश्न १८), त्यातून तापमानाचा भाग वजा करून. त्या वजाबाकीतली चूक पट्टीत उतरते. १०० गिगापास्कलच्या पुढे वेगवेगळ्या पट्ट्यांमध्ये काही टक्क्यांचा फरक पडतो.

१९९८ मध्ये जपानमधल्या एका गटाने प्रश्न ३ मधलं ६६० किलोमीटरवरचं रूपांतर सिंक्रोट्रॉनवर डोळ्यांदेखत पाहिलं. दाब मोजला सोन्यावरून, म्हणजे शेजारी ठेवलेलं सोनं किती दबलं त्यावरून. रूपांतर अपेक्षेपेक्षा सुमारे २ गिगापास्कल आधीच झालं, म्हणजे सुमारे ५० किलोमीटर वर. खनिजाबद्दलची समजूत चुकली की सोन्याची पट्टी, यावर मग बरीच वर्षं वाद चालला. मॅग्नेशियम ऑक्साइडची पट्टी लावली तर त्याच प्रयोगाचा दाब वेगळा यायचा.

यातून सुटायची वाट लवचिकतेच्याच मोजमापात आहे. एकाच नमुन्यावर, एकाच सेलमध्ये दोन गोष्टी मोजा: ब्रिलुआँने दोन्ही वेग आणि क्ष-किरणांनी घनता. वेगांतून आणि घनतेतून बल्क मॉड्युलस निघतो. प्रश्न १० मधली तापमानाची दुरुस्ती करा. आता बल्क मॉड्युलस म्हणजेच घनता किंचित वाढवायला किती दाब लागतो तो आकडा. म्हणून घनता एका टप्प्यावरून पुढच्या टप्प्यावर जाताना किती दाब वाढला हे सरळ गुणाकाराने मिळतं, आणि सगळे टप्पे जोडले की एकूण दाब. माणिक नाही, सोनं नाही, धक्का नाही. २००० मध्ये वॉशिंग्टनच्या कार्नेगी संस्थेत मॅग्नेशियम ऑक्साइडवर हे ५५ गिगापास्कलपर्यंत करून दाखवलं गेलं.

तुमच्याकडे दोन्ही यंत्रं नसतील, तर निदान तक्त्यात दाबाच्या रकान्याशेजारी माणकाची मोजलेली तरंगलांबी आणि खोलीचं तापमान लिहून ठेवा. पट्टी पुढे सुधारली तर तरंगलांबीवरून दाब पुन्हा काढता येतो. नुसते गिगापास्कल लिहून ठेवलेल्या वह्या मी पाहिल्यात, त्यातली एक माझीच आहे.